बाद फेरीचे गणित: भारतीय फुटबॉलचा सुपर कप समजून घेताना

बडोद्यात फुटबॉल पाहणाऱ्या मराठी घरांत आपला संघ कोणता, हा प्रश्न जरा अवघडच असतो. इंडियन सुपर लीगमध्ये गुजरातचा एकही क्लब नाही. त्यामुळे कोणी मुंबईच्या नातेवाइकांमुळे मुंबई सिटीचा, कोणी गोव्याच्या ओढीने एफसी गोव्याचा, तर कोणी परंपरेच्या आदरापोटी मोहन बागानचा किंवा ईस्ट बंगालचा पाठीराखा होतो. २०२५ च्या उन्हाळ्यात या पाठीराख्यांना वाद घालायला उत्तम विषय मिळाला. मोहन बागानने साखळीत ५६ गुण मिळवून लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या संघाची ढाल, जिंकली, १२ एप्रिलला प्ले-ऑफचा अंतिम सामनाही जिंकला, आणि तीन आठवड्यांनी, ३ मे रोजी, भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर सुपर कप ही देशातल्या क्लबांची स्वतंत्र कप स्पर्धा मात्र उंचावला तो साखळीत आठ गुणांनी मागे राहिलेल्या एफसी गोव्याने. मग त्या हंगामाचा खरा विजेता कोणाला म्हणायचे? दोघांनाही, कारण लीग आणि कप या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत, आणि कपची परीक्षा कशी घेतली जाते हे कळले की हा वाद बराचसा मिटतो.

साखळी स्पर्धेत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी खेळतो. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये १३ संघ होते. प्रत्येकाने उरलेल्या १२ संघांशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर असे २४ सामने खेळले आणि एकूण १५६ सामन्यांनंतर गुणतक्ता पूर्ण झाला. बाद पद्धतीत हिशेब फार छोटा असतो. १६ संघ उतरले तर विजेता ठरायला १५ सामने लागतात, १०० संघ उतरले तर ९९. प्रत्येक सामन्यात एकच संघ बाद होतो आणि शेवटी एकच संघ उरायला हवा, म्हणून सामन्यांची संख्या संघांच्या संख्येपेक्षा नेहमी एकाने कमी असते, मग मधल्या फेऱ्यांची रचना कशीही असो. ज्या देशाला लीगचा लांबलचक हंगाम सांभाळून आणखी एक राष्ट्रीय स्पर्धा भरवायची आहे, त्याला हे काटकसरीचे गणित भुरळ घालणारच.

या काटकसरीची किंमत वेगळ्या खात्यात पडते. समजा, एखादा संघ इतका तगडा आहे की कोणत्याही प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याच्या विजयाची शक्यता ७० टक्के आहे. दोन सामने लागोपाठ जिंकण्याची त्याची शक्यता ४९ टक्क्यांवर येते, तीन जिंकण्याची साधारण ३४ टक्क्यांवर, आणि १६ संघांच्या कपमध्ये लागतात तसे चार जिंकण्याची अवघ्या २४ टक्क्यांवर. म्हणजे मैदानातला सर्वांत बलवान संघसुद्धा चारांपैकी सुमारे तीन वेळा कप न घेता परततो. हाच संघ २४ सामन्यांच्या साखळीत उतरला, तर एखादा खराब दिवस, एखादे चुकलेले ऑफसाइड, एखादी दुखापत हे सगळे लांबच्या पल्ल्यात भरून निघते. इंग्लंडच्या विगन ॲथलेटिकने २०१३ मध्ये एफए कपच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला १-० असे हरवले आणि त्याच हंगामात ते प्रीमियर लीगमधून खालच्या विभागात घसरले. तिथे ना कपचा निकाल खोटा होता, ना लीगचा.

बडोद्याच्या वाचकाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही, कारण रणजी करंडकाच्या सुरुवातीच्या दशकांत विभागीय सामन्यांपासून अंतिम सामन्यापर्यंत सगळा मामला बाद पद्धतीचाच होता. १९४६-४७ च्या मोसमात बडोद्यात झालेल्या ज्या अंतिम सामन्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागीदारी केली आणि होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला, तो याच पद्धतीच्या स्पर्धेचा शेवट होता. क्रिकेटमध्ये बाद सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावातील आघाडी पाहून निकाल देण्याची सोय आहे. फुटबॉलमध्ये बरोबरी फार सहज होते आणि डाव नावाची गोष्टच नसते, त्यामुळे निकालाची तजवीक बाहेरून आणावी लागते. तिच्याकडे वळण्यापूर्वी मात्र ड्रॉ, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी पडणार हे ठरवण्याची रीत, पाहायला हवा, कारण कपचा अर्धा स्वभाव तिथेच ठरतो.

पोळांच्या (जुन्या गल्ली-वस्त्यांच्या) आणि सोसायट्यांच्या संघांची स्पर्धा भरवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक असते की आठ किंवा सोळा संघ आले तर काम सोपे असते, पण नेमके अकराच येतात. बाद फेरीचा तक्ता २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीच्या आकड्यांवरच नीट बसतो. अकराच्या पुढचा असा आकडा १६. फरक पाचाचा, म्हणून पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल मिळते, उरलेले सहा संघ तीन सामने खेळतात आणि दुसऱ्या फेरीत आठांचा तक्ता तयार होतो. पुढे चाल कोणाला द्यायची, हा मात्र गणिताचा विषय राहत नाही. चिठ्ठ्या टाकल्या तर नशीब, मानांकन दिले तर गेल्या कामगिरीचे बक्षीस. राष्ट्रीय पातळीवरही हेच घडते, कधीकधी अनपेक्षितपणे: २०२५ च्या एप्रिलमधल्या सुपर कपमध्ये १६ संघ ठरले होते, परंतु चर्चिल ब्रदर्सने माघार घेतली आणि त्यांच्यासमोर असलेला मोहन बागान एकही चेंडू न मारता उपांत्यपूर्व फेरीत गेला.

मानांकनाचा हेतू असा की पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ तक्त्याच्या दोन टोकांना राहावेत आणि त्यांची गाठ शेवटीच पडावी. आयोजकाला आणि प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला हे सोयीचे असते. एफए कपने मात्र दीडशे वर्षांत हे सरसकट कधी मान्य केले नाही. तिथे बडे क्लब उशिराच्या फेरीत उतरतात एवढीच सवलत, पण एकदा उतरले की प्रत्येक फेरीसाठी नव्याने चिठ्ठ्या काढल्या जातात आणि दोन बलाढ्य संघ तिसऱ्या फेरीतच एकमेकांसमोर येऊ शकतात. मला व्यक्तिशः हीच रीत अधिक प्रामाणिक वाटते. मानांकनाने जपलेला अंतिम सामना पुष्कळदा लीगचाच आणखी एक सामना होऊन बसतो.

आता बरोबरीचा प्रश्न. सर्वांत जुना उपाय म्हणजे सामना पुन्हा खेळवणे. एफए कपच्या मुख्य फेऱ्यांत ही प्रथा या ना त्या फेरीपर्यंत टिकून होती आणि २०२४-२५ च्या हंगामापासून ती बंद झाली, कारण वेळापत्रकात जागाच उरली नाही. दुसरा उपाय नाणेफेकीचा. १९६८ च्या युरोपियन स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांची उपांत्य लढत जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिली, तेव्हा इटली अंतिम फेरीत गेला तो नाणे उडवून. तिसरा उपाय आपल्याकडचा, दोघांनाही विजेते घोषित करण्याचा: सुपर कपची पूर्वज म्हणावी अशी फेडरेशन कप स्पर्धा १९७८ आणि १९८० मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना विभागून दिली गेली. कोलकात्यातली शांतता राखायला ते बरे असेल, पण बाद स्पर्धेच्या तर्काला ते सोडूनच होते. १९७० मध्ये पेनल्टी शूट-आउटला खेळाच्या नियमांत स्थान मिळाले आणि हे बाकीचे उपाय हळूहळू मागे पडले.

शूट-आउट टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेले असते, तरी त्यातले बारकावे सहसा सांगितले जात नाहीत. ९० मिनिटांत निकाल लागला नाही की बहुतेक स्पर्धांत १५-१५ मिनिटांचे जादा वेळेचे दोन भाग खेळवले जातात. काही स्पर्धांत खेळाडूंची दमछाक टाळण्यासाठी ही जादा वेळ फक्त शेवटच्या टप्प्यापुरती ठेवतात आणि आधीच्या फेऱ्यांत सरळ शूट-आउट घेतात. त्यासाठी पंच दोनदा नाणे उडवतो: एकदा कोणत्या बाजूच्या गोलवर पेनल्ट्या मारायच्या यासाठी आणि एकदा पहिला फटका कोणी मारायचा यासाठी. सामना संपताना जे खेळाडू मैदानात होते तेच फटका मारू शकतात, आणि एखाद्या संघाचा खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला असेल, तर दुसऱ्या संघालाही तेवढेच खेळाडू कमी करावे लागतात. चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर ठेवला जातो, आणि फटका बसेपर्यंत गोलरक्षकाच्या एका पायाचा तरी काही भाग रेषेवर, रेषेच्या बरोबर वर किंवा रेषेच्या मागे असावा लागतो. दोन्ही संघ आळीपाळीने पाच-पाच फटके मारतात. तरीही बरोबरी असेल तर सडन डेथ, म्हणजे एका जोडीत एकाने गोल केला आणि दुसऱ्याचा हुकला की सामना तिथेच संपला. आणि संघातील प्रत्येकाची, अगदी गोलरक्षकाचीही, पाळी येऊन गेल्याखेरीज कोणालाही दुसरी संधी मिळत नाही.

हे माहीत असले की नुसत्या आकड्यांवरून बरेच काही वाचता येते. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातील फातोर्ड्याच्या मैदानावर सुपर कपचा अंतिम सामना १२० मिनिटांनंतरही ०-० राहिला आणि एफसी गोव्याने ईस्ट बंगालला शूट-आउटमध्ये ६-५ असे हरवले. विजेत्याचे सहा गोल झाले याचाच अर्थ पाच-पाच फटक्यांत निकाल लागला नव्हता आणि सामना सडन डेथपर्यंत गेला होता. नोंदवहीत मात्र हा सामना गोलशून्य बरोबरीचाच राहतो. शूट-आउट ही पुढे कोण जाणार किंवा करंडक कोण नेणार हे ठरवण्याची स्वतंत्र प्रक्रिया मानली जाते आणि तिच्यातले गोल खेळाडूंच्या खात्यात जमा होत नाहीत.

याच स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली, आणि सुपर कपचे स्वरूप का गोंधळात टाकते हे तिच्यावरून फार चांगले समजते. या वेळी थेट बाद पद्धत नव्हती; १६ संघांचे चार गट होते, प्रत्येक गटात चार संघ, आणि प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ उपांत्य फेरीत जाणार होता. एका गटात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल एकत्र आले. मोहन बागानने चेन्नईयिनला २-० ने हरवले आणि गोव्याच्या डेम्पोशी ०-० अशी बरोबरी केली. ईस्ट बंगालने डेम्पोशी २-२ अशी बरोबरी करून चेन्नईयिनवर ४-० असा विजय मिळवला. दोघांचे गुण चार-चार झाले, आणि ३१ ऑक्टोबरला दोघे आमनेसामने आले तेव्हा सामना ०-० सुटला. गुण पुन्हा समान, पाच-पाच. परस्परांतील लढतही बरोबरीची असल्याने गोलफरक पाहिला गेला: ईस्ट बंगालने सहा गोल करून दोन स्वीकारले होते, म्हणजे अधिक चार, मोहन बागानने दोन गोल करून एकही स्वीकारला नव्हता, म्हणजे अधिक दोन. परिणामी एकही सामना न हरलेला आणि एकही गोल न खाल्लेला संघ स्पर्धेबाहेर गेला. शेवटच्या लढतीत ईस्ट बंगालला बरोबरी पुरेशी होती आणि त्यांनी ती मिळवली. म्हणजे ज्या सामन्यात कोणीतरी जिंकायलाच हवे होते असे प्रेक्षकाला वाटत होते, त्या सामन्यात एका संघाला जिंकण्याची गरजच नव्हती.

बाद स्पर्धेत आधी गट घालण्याचा मोह आयोजकांना का होतो, हे उघड आहे. दूरच्या शहरातून विमानाने आलेला संघ, हॉटेलचा खर्च, आणि पहिल्याच संध्याकाळी हरून परत जायचे, हे कोणत्याही क्लबला जड जाते. गट असले की किमान तीन सामन्यांची हमी मिळते आणि १६ संघांत १५ ऐवजी २७ सामने होतात. तरीही एका शहरात, तटस्थ किंवा अर्धतटस्थ मैदानावर, दोन-तीन आठवड्यांत उरकलेली गटवार स्पर्धा ही धड साखळीही नसते आणि धड बाद फेरीही नसते. सुपर कपने हे दोन्ही रूपांत फिरून फिरून पाहिले आहे: २०१८ आणि २०१९ मध्ये बाद फेरी, २०२३ मध्ये केरळात गट, २०२४ मध्ये ओडिशात गट, २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा थेट बाद फेरी, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पुन्हा गट. ज्या स्पर्धेचे नियम प्रेक्षकाला दरवर्षी नव्याने शिकावे लागतात, तिची परंपरा बनणे कठीण असते.

परंपरा पूर्वी होती. फेडरेशन कप १९७७ मध्ये सुरू झाला तेव्हा बंगळूरच्या आयटीआय या सरकारी कारखान्याच्या संघाने मोहन बागानला हरवून पहिला करंडक नेला होता. १९९७ च्या उपांत्य सामन्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले, तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ प्रेक्षक असल्याची नोंद आहे. बायचुंग भुतियाच्या हॅटट्रिकमुळे ईस्ट बंगालने तो सामना ४-१ असा जिंकला आणि अंतिम सामन्यात मात्र गोव्याच्या साळगावकरकडून हार पत्करली. २००३ आणि २००५ मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने हा कप जिंकला, हे आज मुंबईतल्या तरुण प्रेक्षकांनाही फारसे आठवत नाही. २०१७ मध्ये शेवटचा फेडरेशन कप झाला. २०१७-१८ च्या हंगामापासून इंडियन सुपर लीग आणि आय-लीग या दोन लीग एकाच वेळी चालू लागल्या, तेव्हा दोन्हींकडच्या संघांना एकमेकांशी खेळायला लावणारी काहीतरी जागा हवी होती, आणि ती गरज सुपर कपने भागवली. पहिला कप बंगळूरु एफसीने ईस्ट बंगालला ४-१ ने हरवून जिंकला. दुसऱ्याच वर्षी आय-लीगच्या अनेक क्लबांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेल्या वादातून बहिष्कार घातला आणि काही सामन्यांत प्रतिस्पर्धी न उतरताच पुढे चाल द्यावी लागली. मग कोविड, मग तीन वर्षांचा खंड. २०२४ ची स्पर्धा तर जानेवारीत, राष्ट्रीय संघ कतारमध्ये आशियाई चषक खेळत असताना झाली, म्हणजे क्लबांचे उत्तम भारतीय खेळाडू देशातच नव्हते.

एवढे होऊनही क्लब या कपसाठी झटतात, याचे कारण करंडकाच्या पितळेत नाही. विजेत्याला आशियातील दुसऱ्या श्रेणीच्या क्लब स्पर्धेची, म्हणजे एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता सामन्याची, दारे उघडतात. एप्रिल-मे २०२५ मध्ये एफसी गोव्याने गोकुलम, पंजाब, मोहन बागान आणि जमशेदपूर अशा चार संघांना दोन आठवड्यांच्या आत हरवले. ऑगस्टमध्ये फातोर्ड्यात ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवून ते मुख्य गटांत गेले. आणि ऑक्टोबरात सौदी अरेबियाचा अल नस्र त्याच मैदानावर खेळायला आला. गोवा तो सामना १-२ असा हरला, पण २४ सामन्यांच्या लीगमध्ये जे त्यांना मिळाले नव्हते ते चार सामन्यांनी मिळवून दिले. याउलट मोहन बागानने लीगमुळे आशियातली आपली जागा आधीच पक्की केली होती, म्हणून सुपर कपला त्यांनी बहुतेक परदेशी खेळाडूंना विश्रांती देऊन तरुणांचा संघ पाठवला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचेच. कपचे वजन शेवटी त्यातून काय मिळते आणि ते कोणाला हवे आहे, यावर ठरते.

राहिला प्रश्न प्रवेशाचा. फ्रान्सच्या राष्ट्रीय कपमध्ये सात हजारांहून अधिक क्लब उतरतात, आणि लहान क्लब दोन किंवा अधिक श्रेणींनी खाली असेल तर सामना त्याच्या मैदानावर खेळवला जातो. २००० मध्ये चौथ्या श्रेणीतील हौशी खेळाडूंचा काले हा क्लब याच वाटेने अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि नांतकडून १-२ असा हरला. जर्मनीतही पहिल्या फेरीत हौशी संघांना घरचे मैदान मिळते. सुपर कपमध्ये मात्र २०२५ च्या एप्रिलमध्ये इंडियन सुपर लीगचे १३ आणि आय-लीगचे तीन एवढेच क्लब होते. बडोद्यातल्या किंवा अहमदाबादमधल्या क्लबाला या तक्त्यात दिसायचे असेल, तर आधी राष्ट्रीय लीगच्या एकेक पायऱ्या चढून वर जावे लागेल, आणि त्याला काही वर्षे आणि बराच पैसा लागतो.

हजारो क्लबांची स्पर्धा आपल्याकडे शक्य नाही; अंतरे मोठी आहेत आणि पश्चिम भारतात जून ते सप्टेंबर असे चार महिने मैदाने पावसातच जातात. परंतु राज्य लीगच्या विजेत्यांसाठी विभागवार पात्रता फेरी ठेवता येईल. पश्चिम विभागात गुजरात, महाराष्ट्र, गोवा आणि राजस्थान अशा चार राज्यांचे विजेते धरले तर तीन सामन्यांत एक संघ निवडता येतो, आणि बडोद्याच्या संघाला त्यासाठी रेल्वेच्या एका रात्रीच्या प्रवासापलीकडे फारसे जावे लागणार नाही. चार विभागांचे मिळून बारा-तेरा सामने वाढतील. गटपद्धतीने १५ ऐवजी २७ सामने खेळवताना जवळपास तेवढेच सामने वाढवले गेले होते.